संथ चित्रपट कसा पाहावा: नवख्या प्रेक्षकासाठी काही पायऱ्या

एखाद्या चित्रपटाची जाणकारांकडून खूप स्तुती ऐकलेली असते, म्हणून आपण तो उत्सुकतेने लावतो, आणि पाऊण तास उलटला तरी पडद्यावर एक बाई बटाटे सोलते आहे किंवा एक म्हातारा खिडकीबाहेर पाहत बसला आहे, यापलीकडे काहीच घडत नाही. अशा वेळी बहुतेक प्रेक्षक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: चित्रपट रटाळ आहे, किंवा आपल्याला त्यातले काही कळत नाही. पहिला निष्कर्ष कधीकधी खरा असतो, दुसरा बहुधा खोटा असतो. संथ चित्रपट पाहणे सवयीने जमते, आणि ती सवय लावून घेण्याचे काही साधे मार्ग आहेत.

या बाबतीत सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'धीर धरा'. तो मला चुकीचा वाटतो. नुसता धीर धरून बसलेला माणूस शेवटाची वाट पाहत असतो आणि त्याचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असते. असे चित्रपट काढणाऱ्यांना सोशिक प्रेक्षक नको असतो, कामाला लागलेला प्रेक्षक हवा असतो. डोळ्यांना आणि कानांना कोणते काम द्यायचे हे समजले की तेच दृश्य भरलेले वाटू लागते, आणि पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठीच आहेत.

आधी थोडे व्याख्येबद्दल. संथ चित्रपट म्हणजे स्लो मोशन नव्हे. 'द डिसायपल' (२०२०) या चैतन्य ताम्हाणे यांच्या चित्रपटात नायक रात्री मोटारसायकलवरून जाताना त्याची गती खरोखरच मंद केलेली आहे. ते स्लो मोशन. संथ चित्रपटात माणसे नेहमीच्याच वेगाने चालतात, बोलतात, जेवतात. फक्त ती चालत असताना मध्येच कट येत नाही, म्हणजे दृश्य तोडून तिथे दुसरे जोडले जात नाही. नेहमीच्या व्यावसायिक चित्रपटात एक शॉट, म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा, काही सेकंद टिकतो. हंगेरीच्या बेला तार यांच्या 'वेर्कमाइस्टर हार्मनीज' (२०००) या १४५ मिनिटांच्या चित्रपटात एकूण ३९ शॉट आहेत, म्हणजे सरासरी एक शॉट पावणेचार मिनिटांचा. त्यांच्याच 'द टुरिन हॉर्स'मध्ये (२०११) सुमारे अडीच तासांत फक्त ३० शॉट आहेत. कट आला की दिग्दर्शक आपल्याला सांगतो, 'आता इकडे पाहा.' तो आला नाही, तर कुठे पाहायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. आंद्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकाने चाळीस-पन्नासच्या दशकांत लांब शॉटची बाजू मांडताना प्रेक्षकाच्या याच स्वातंत्र्यावर भर दिला होता. नवख्या प्रेक्षकाला मात्र सुरुवातीला त्या स्वातंत्र्याचे ओझे वाटते.

पहिली पायरी: पन्नास सेकंद

तीन तासांच्या चित्रपटाने सुरुवात करू नये. ज्या ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये चित्रपट तिकीट लावून दाखवले, आणि ज्यांच्या प्रतिनिधीने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात खेळ केला, त्यांचे एकेक चित्रपट जेमतेम पन्नास सेकंदांचे असत: एक जागा, एक न हलणारा कॅमेरा, एकही कट नाही. हे चित्रपट आज इंटरनेटवर सहज सापडतात. त्यांपैकी एकात आई-वडील बाळाला भरवताना दिसतात. त्या काळच्या प्रेक्षकांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: बाळापेक्षा मागच्या झाडांची वाऱ्याने हलणारी पाने पाहून ते चकित झाले. रंगमंचावर आणि रंगवलेल्या पडद्यावर माणसे दिसत, पण पाने अशी आपोआप हलत नसत.

हा चित्रपट तीन वेळा पाहावा. पहिल्यांदा माणसांकडे पाहावे, दुसऱ्यांदा फक्त मागच्या भागाकडे, आणि तिसऱ्यांदा चौकटीच्या कडांकडे. तिसऱ्या वेळी जे दिसते ते पहिल्या वेळीही पडद्यावर होतेच. पुढच्या सगळ्या मोठ्या चित्रपटांसाठी लागणारे कौशल्य मुळात एवढेच आहे. त्यांच्यात ते जास्त वेळ वापरावे लागते इतकेच.

दुसरी पायरी: कोणता चित्रपट आधी, कोणता नंतर

क्रम चुकला की माणूस कायमचा दुरावतो, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळतो.

मराठी प्रेक्षकाने सुरुवात ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'पासून (२०१४) करावी असे माझे ठाम मत आहे. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले, पण ते कारण नाही. कारण हे की त्यातील मुंबई, तिथली भाषा, कोर्टातला कंटाळा हे सगळे आपल्या परिचयाचे आहे, त्यामुळे लक्ष द्यायला मन मोकळे राहते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. खटला सत्र न्यायालयात चालतो, आणि कॅमेरा बहुतेक वेळ लांब, स्थिर उभा राहून सबंध खोली दाखवतो. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे एकसुरात वाचत असताना मागच्या बाकांवर कोण बसले आहे, कोण आले, कोण उठून गेले, हे पाहत राहावे. त्याच बाई पुढे लोकलने घरी जाताना आणि स्वयंपाक करताना दिसतात. खटल्याच्या दृष्टीने ही दृश्ये अनावश्यक आहेत. पण ती पाहिल्यावर आपल्याला त्यांचा सरळ रागही करता येत नाही आणि त्यांना माफही करता येत नाही, आणि हे संवादांतून साधले नसते. सुट्टी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि काही काळ काळाच राहतो. चित्रपट संपला असे वाटून इथे उठणारा प्रेक्षक नंतर येणारा न्यायाधीशांच्या सहलीचा भाग गमावतो. चित्रपटाचे सर्वांत कठोर विधान त्या भागात आहे, म्हणून तिथे बसून राहावे.

त्यानंतर इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७). दीड तासाहूनही कमी लांबी, आणि कथा एका ओळीची: वर्गातल्या मित्राची वही चुकून आपल्याकडे आली आहे, ती आज परत केली नाही तर उद्या त्याला शाळेतून काढतील, म्हणून एक मुलगा शेजारच्या गावी त्याचे घर शोधत जातो. टेकडीवरची नागमोडी वाट तो पुन्हा पुन्हा धावत चढतो आणि दरवेळी कॅमेरा पूर्ण वाट दाखवतो. वाट कापली असती तर मुलाची धाप आपल्यापर्यंत आली नसती.

तिसरा, जपानच्या यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आई-वडील ओनोमिची या गावाहून मुलांकडे टोकियोला येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी सवड नसते. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही थोडा खाली असतो आणि जवळजवळ हलतच नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, बोटी अशी माणसांविना दृश्ये येतात. त्यांचा अर्थ शोधण्याच्या मागे लागू नये. आधीच्या प्रसंगात कोणी बोलून दाखवले नाही ते मनात मुरायला तेवढा वेळ मिळतो, हे पुरेसे आहे.

हे तीन झाले की बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांच्या 'झान डिलमान'कडे (१९७५) जाता येईल, आणि बेला तार सर्वांत शेवटी. रशियाचे दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्या चित्रपटांत स्वप्ने, आठवणी आणि श्रद्धा इतक्या गुंतलेल्या असतात की संथपणाची सवय झाल्यावर ते अधिक उलगडतात.

तिसरी पायरी: पाहण्याची व्यवस्था

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, उपडा करून शेजारी ठेवणे पुरत नाही. खोलीत अंधार करावा, कारण या चित्रपटांत मंद प्रकाशातले बारकावे पुष्कळ असतात. टीव्हीच्या आवाजावर विसंबण्यापेक्षा चांगले हेडफोन वापरावेत: चौकटीबाहेरचे आवाज इथे अर्धी गोष्ट सांगतात. दीडपट वेगाने कधीही पाहू नये. रात्री जेवणानंतरची वेळ टाळून सुट्टीच्या दिवशीची सकाळ निवडावी. आधी परीक्षणे वाचू नयेत, मात्र चित्रपटाची लांबी अवश्य पाहून घ्यावी, म्हणजे 'अजून किती राहिले' हा प्रश्न सतत डोके वर काढत नाही.

चौथी पायरी: डोळ्यांना आणि कानांना काम

'झान डिलमान'चे उदाहरण घेतो, कारण या कलेचे इतके स्पष्ट व्याकरण दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात मला आढळलेले नाही. ब्रसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस, २०१ मिनिटांत. ती कॉफी करते, मुलाचे बूट पुसते, बाजारात जाते, बटाटे उकडायला ठेवते, दुपारी पैशांसाठी एका पुरुषाला घरी घेते, आंघोळ करते, टब घासते, मुलाला जेवू घालते. कॅमेरा समोर स्थिर. पहिल्या दिवशी प्रेक्षकाचे काम म्हणजे तिच्या दिवसाचा क्रम शिकून घेणे: खोलीतून बाहेर पडताना ती दिवा मालवते, पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात ठेवते, झाकण लावते. हा क्रम आपल्या अंगवळणी पडावा म्हणूनच तो पूर्ण वेळ घेऊन दाखवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडेच राहते आणि बटाटे जास्त शिजतात. एरवी कोणत्याही चित्रपटात बटाटे जास्त शिजले तर ती घटनाही ठरणार नाही. इथे मात्र पहिला दिवस लक्ष देऊन पाहिलेल्या माणसाच्या छातीत धस्स होते, कारण ती हातात पातेले घेऊन घरभर फिरते आणि ते कुठे ठेवावे हे तिला सुचत नाही. तिसऱ्या दिवशी कॉफीची चव बिघडते. शेवट इथे सांगत नाही. पण पहिल्या दिवसाचा निम्मा भाग पुढे ढकलून पाहणाऱ्याला हा शेवट अकस्मात वाटेल, आणि सगळे पाहिलेल्याला तो दीड दिवस आधीपासून येताना दिसेल.

यावरून कोणत्याही संथ चित्रपटासाठी काही प्रश्न हाताशी ठेवता येतात. माणूस चौकटीतून निघून गेल्यावर कॅमेरा तिथेच का थांबला? जे ऐकू येते ते कुठून येते आहे, आणि ते दिसते का? ही कृती आधी पाहिली होती का, आणि या वेळी त्यात काय वेगळे आहे? कॅमेरा इतका वेळ स्थिर होता, तो नेमका आता का हलला? उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही. प्रश्न मनात असला की डोळा चौकटीत फिरत राहतो.

पाचवी पायरी: कंटाळा, झोप आणि उठून जाणे

कंटाळा येणारच. माझ्या अनुभवात तो साधारण एका ठरावीक वळणाने येतो: आधी अस्वस्थता, मग चीड, मग मन दुसरीकडे जाणे, आणि मग, दृश्य अजून चालूच असेल तर, अचानक एखादी बारीक गोष्ट दिसणे. मन दुसरीकडे गेले म्हणून स्वतःला दोष देऊ नये. ते कुठे गेले हे पाहावे. पुष्कळदा पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीनेच ते आपल्या घरच्या आठवणीकडे नेलेले असते. किआरोस्तामी तर मुलाखतींतून सांगत की प्रेक्षकाला डुलकी लागू देणारे चित्रपट त्यांना आवडतात, कारण तेच पुढे रात्रींची झोप उडवतात. थायलंडचे अपिचातपोंग वीरसेथाकुल यांनी २०१८ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात पडद्यासमोर पलंग मांडून प्रेक्षकांच्या मुक्कामाचीच सोय केली होती. तेव्हा दहा मिनिटे डोळा लागला तर शरमेचे कारण नाही. जाग आल्यावर मागे न जाता पुढे पाहत राहावे.

चीड येण्याच्या बाबतीतही आपण एकटे नसतो. १९६० साली फ्रान्समधील कान शहराच्या चित्रपट महोत्सवात इटलीच्या अंतोनिओनी यांचा 'लाव्हेंतुरा' दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एक तरुणी बेटावर नाहीशी होते आणि ती सापडतच नाही, उलट तिला शोधणारेच तिला हळूहळू विसरतात, हे लोकांना सहन झाले नाही. दुसऱ्या दिवशी अनेक चित्रपटकार आणि समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने पत्रक काढले, आणि त्याला ज्युरींचे पारितोषिक मिळाले. 'झान डिलमान'च्या कानमधील पहिल्या खेळातूनही लोक उठून गेले होते. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात तोच चित्रपट आजवरच्या चित्रपटांत पहिला आला, आणि त्या निकालावरही मोठा वाद झाला.

आपल्याकडे हेच मणी कौल यांच्या वाट्याला आले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्याकडे शिकलेल्या या दिग्दर्शकाने मोहन राकेश यांच्या कथेवरून 'उसकी रोटी' (१९६९) काढला. बस ड्रायव्हर असलेल्या नवऱ्याची भाकरी घेऊन एक बाई रस्त्याच्या कडेला उभी आहे, आणि ते वाट पाहणे हाच चित्रपट आहे. सरकारी पैशातून असे चित्रपट काढावेत का, असा वाद त्या काळी पेटला. कौल यांनी पुढे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपदाची तालीम घेतली आणि 'ध्रुपद' (१९८२) हा चित्रपटही केला. डागरांच्या आलापीत एकेका स्वरापाशी रेंगाळणारा श्रोता 'गाणे सुरू कधी होणार' असे विचारत नाही, कारण त्याच्या लेखी ते केव्हाच सुरू झालेले असते. कौल यांचे चित्रपट त्या कानाने पाहिले तर पुष्कळ सोपे होतात.

आणि खरोखर सहन होत नसेल तर उठून जावे. आपले मत 'मला तो अर्ध्यावर सोडावासा वाटला' इतके प्रामाणिक ठेवावे, आणि वर्षाने पुन्हा लावून पाहावा.

सहावी पायरी: संथ म्हणजे चांगला, असे नव्हे

सवय लागल्यावर उलटा धोका संभवतो: जे संथ ते सगळे थोर वाटू लागते. महोत्सवांत दाखल होण्यासाठी ठरावीक साच्याने काढलेले संथ चित्रपटही पुष्कळ असतात, आणि २०१० साली 'साइट अँड साउंड'च्या संपादकीयातूनच या प्रवाहावर अशी टीका झाली होती. ती मला बऱ्याच अंशी रास्त वाटते.

परीक्षा एकच करावी: हा शॉट निम्म्यावर तोडला असता तर काय गेले असते? तार्कोव्हस्कींच्या 'नॉस्टॅल्जिया'मध्ये (१९८३) नायक उपसून रिकाम्या केलेल्या कुंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटती मेणबत्ती नेतो. ती दोनदा विझते, तो दोन्ही वेळा मागे येऊन पुन्हा सुरुवात करतो, आणि हे सगळे सुमारे नऊ मिनिटांच्या एकाच शॉटमध्ये घडते. मध्ये कट असता तर आपल्याला ठाऊक असते की दिग्दर्शकाला हवा तो तुकडा जोडता येतो. कट नसल्यामुळे ज्योत विझण्याची भीती खरी होते. याउलट, नायक किनाऱ्यावर उदास चालतो आहे, पार्श्वसंगीत आपल्याला उदास व्हायला सांगते आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला पहिल्या मिनिटापेक्षा काहीही अधिक दिसत नाही, तर तो शॉट नुसताच लांब आहे. हे बेधडक म्हणावे.

सातवी पायरी: स्वतः एक शॉट घेणे

चार-पाच चित्रपट पाहून झाल्यावर मोबाइल एखाद्या स्थिर जागी टेकवून पाच मिनिटांचा एक शॉट घ्यावा: एसटी स्टँडचा फलाट, भाजी मंडईचा कोपरा, घराचा जिना. मध्ये हात लावू नये, झूम करू नये. दुसऱ्या दिवशी तो सबंध पाहावा. कॅमेरा दोन पावले डावीकडे ठेवला असता तर कोण दिसले असते, कोणता आवाज चौकटीबाहेरून आला, कोणत्या क्षणी तो संपायला हवा होता, हे आपोआप लक्षात येते. लांब शॉट म्हणजे कॅमेरा सोडून देणे नव्हे, हे वाचून जितके पटते त्याहून या एका सरावाने अधिक पटते.

सोबत आणि मोठा पल्ला

शक्य असेल तिथे हे चित्रपट लोकांसोबत पाहावेत. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी चालवलेल्या चित्रपट रसास्वाद शिबिरांतून अनेक पिढ्या पाहायला शिकल्या. गोव्यात २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. सभागृहात रिमोट नसतो हा मोठा फायदा आहे. घरच्यांना किंवा मित्रांना बोलवायचे असेल तर लांबी आधी सांगावी, मध्येच उठायची मोकळीक द्यावी, आणि संपताक्षणी 'कसा वाटला' असे विचारू नये. दुसऱ्या दिवशी 'काय आठवते' असे विचारावे.

बेला तार यांच्या 'शातानतांगो'ची (१९९४) वेळ सगळ्यांत शेवटी येते. हंगेरीचे लेखक लास्लो क्रास्नाहोरकाई यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट सात तासांहून मोठा आहे, आणि त्याच्या पहिल्याच लांबलचक शॉटमध्ये ओसाड वस्तीतल्या चिखलातून गाई हिंडत राहतात. तो बारा भागांत विभागलेला असून काही प्रसंग वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने दोनदा दिसतात, म्हणून तो आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी पाहिला तर आधीचे धागे हरवतात. चित्रपटगृहांत तो सहसा दोन मध्यंतरे घेऊन दाखवतात. घरीही तसेच करावे. सकाळी नऊच्या सुमारास सुरू करावा, पहिल्या मध्यंतरात जेवावे, दुसऱ्यात थोडे चालून यावे, फोनला हात लावू नये, आणि संध्याकाळी कुणाकडे जाण्याचे ठरवू नये.